पटेलजींचे बटाटे आणि अण्णांची बंदूक

“मादी आहे,” अण्णा कुजबुजले आणि त्यांनी बंदूक खाली घेतली.

बटाट्याच्या वाफ्यात उभ्या असलेल्या त्या ‘मादी’ला बोटभर लांब सुळे होते. रानडुकरात असे सुळे नराला असतात. मी तेव्हा वनविभागात रेंज ऑफिसर होते. म्हणजे एका पट्ट्यातल्या जंगलाची आणि जंगलातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक भानगडीची जबाबदारी माझी. सुळे नराचे, एवढं मला कळत होतं. डुकराने निवांत वाफा उकरला आणि ते नाल्याकाठच्या विलायती बाभळीत शिरलं.

शेताचे मालक पटेलजी माझ्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसले होते. ते हळूच म्हणाले, “मॅडम, परमिशन पांच दिन की है. तीन तो साब की मूंछों में निकल गए.”

त्यांचं गाव उज्जैनपासून अर्ध्या तासावर. डुकरांनी त्यांचं अर्धं शेत नांगरल्यासारखं करून ठेवलं होतं. त्यांच्या बायकोच्या मांडीला सुळा लागून टाके पडले, तेव्हापासून एकही मजूर शेतात पाऊल टाकेना. बटाटे तयार होते, पण काढणार कोण? मी खटपट करून डुकरं मारायची लेखी परवानगी आणली. पाच दिवस, जास्तीत जास्त चार डुकरं. पिल्लांच्या आईला मारायचं नाही आणि मेलेलं जनावर कुणी खायचं नाही. मुदत संपली असती तर पुढचा कागद येईपर्यंत बटाटे जमिनीतच सडले असते.

सरकार परवानगी देतं, बंदूक देत नाही. ती कुणातरी परवानाधारकाची लागते. गावात पाच बंदुका होत्या, पण त्यांची काडतुसं लग्नाच्या वरातीत आभाळाकडे गेली होती. ती कुठे गेली हे कुणीतरी विचारेल या भीतीने पाचही जणांना एकदम अहिंसा आठवली.

मग मला उज्जैनच्या फ्रीगंजमधले अण्णा आठवले. त्यांचे पूर्वज दरबारात कारकून होते, पण अण्णांच्या मिशा थेट सरदारांच्या. आपण मारलेल्या रानडुकराची गोष्ट त्यांनी प्रत्येक कोजागिरीला सांगितलेली. मी विचारताच ते कबूल झाले. पहाटे बंदूक घेऊन अण्णा ट्रॉलीत चढायचे, आणि त्यांच्या बीपीच्या गोळ्या आणि चहाचा थर्मास घेऊन माई, म्हणजे त्यांच्या पत्नी, जीपमध्ये बसायच्या.

पहिल्या दिवशी मादी. दुसऱ्या दिवशी गाभण मादी. तिसऱ्या दिवशी ही सुळेवाली.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. गोळी का झाडत नाही, असं अण्णांना विचारलं, तर त्यांनी मलाच नियम वाचून दाखवले, तेही कागद हातभर लांब धरून आणि पाठ असल्यासारखे. मग ते फिरायला निघून गेले.

“त्यांना दिसत नाही हो, मॅडम,” माई म्हणाल्या. “दोन्ही डोळ्यांत मोतियाबिंद आहे. ऑपरेशनची गोष्ट काढली की गुस्सा करतात.”

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, मग ते कोजागिरीचं डुक्कर?

“ते मी मारलं होतं. माझ्या माहेरच्या शेतात. हे तेव्हा झाडावर होते.”

ते कुठल्या साली, शिकारबंदीच्या आधी की नंतर, हे मी वनाधिकारी असल्यामुळे विचारलं नाही. माईंनी परवाना माझ्यासमोर उघडून ठेवला. दुसऱ्या पानावर रिटेनर म्हणून त्यांचं नाव होतं. रिटेनर म्हणजे मालकाखेरीज ती बंदूक वापरायची मुभा असलेला माणूस. मी लगेच माझ्या वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, “कायदे में है तो है. लेकिन फोटो मत खींचना.”

चौथ्या पहाटे अण्णा थर्मास घेऊन जीपमध्ये बसले. माईंनी पदर खोचला, शाल पटेलजींकडे दिली आणि ट्रॉलीच्या फळीवर कोपर टेकवलं. सुळेवाला बाहेर आला. त्यांनी तो आडवा होईपर्यंत वाट पाहिली आणि एकच गोळी झाडली. तो जागीच कोसळला. पाचव्या दिवशी आणखी एक नर पडला आणि उरलेला कळप नाल्यापलीकडे गेला. दोन्ही जनावरं आम्ही नियमाप्रमाणे रॉकेल ओतून पुरली, तेव्हा गावातल्या काही अहिंसावाद्यांचे चेहरे उतरले.

पंचनाम्यात मारणाऱ्याचं नाव लिहायची वेळ आली, तसे अण्णा खाकरले. “परवानाधारकाच्या देखरेखीखाली, असं लिहिता येईल का?”

“लिहा हो,” माई म्हणाल्या. “पण नाव माझं घाला.”

मी नाव माईंचंच घातलं. देखरेखीसाठी त्या फॉर्ममध्ये रकाना नव्हता. आठवड्याभरात मजूर शेतात उतरले आणि पटेलजींचे बटाटे पोत्यांत गेले. अण्णांनीही मुकाट्याने ऑपरेशन करून घेतलं.

नोकरीभर गावोगावी लोक माझ्यासमोर उभे राहून मला विचारत, “साहब कब आएंगे?” मी दर वेळी भडकायचे. आणि मीच तीन पहाटे माईंच्या हातचा चहा प्याले, पण साखर कमी घाला यापलीकडे त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. पटेलजींचे तीन दिवस अण्णांच्या मिशांत गेले नव्हते, माझ्यामुळे गेले होते.