काकींना पसंत पडेल असा रंग

तिठ्यावर दुकान टाकून बसलं की किस्से शोधत फिरावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, खुर्ची ओढतात आणि वर चहा मागवायला लावतात! तळेऱ्याला माझं मोबाइलचं दुकान. हल्ली मोबाइलपेक्षा स्मार्टवॉच जास्त खपतात. घड्याळ काय काय करतं हे सांगायला मला पाच मिनिटं लागतात आणि रंग ठरवायला गिऱ्हाइकाला पाच दिवस. मॅट की चकचकीत, यावरून नवरा-बायकोत अबोला झालेलाही मी पाहिलाय.

*

देवगडचे एक बागायतदार आले. सोनेरीच हवं म्हणाले. मी चकचकीत सोनेरी पुढे ठेवलं.

त्यांनी पिशवीतून हापूस काढला, घड्याळाशेजारी धरला आणि दोन्ही उजेडात नेऊन फिरवून फिरवून पाहिले. मग मान हलवली.

“गो बाय, ह्यो रंग झाडार पिकलेलो नाय. पावडर मारून पिकवलेलो आसा!”

शेवटी मॅट सोनेरी घेऊन गेले. हापूस मला ठेवून गेले, खोटं कशाला बोलू?

*

आमचे तात्या म्हणजे फोंडाघाटकडचे रिटायर मास्तर, आता काजूची बाग बघतात. एक दिवस गंभीर चेहऱ्याने आले.

“तुझी काकी काजीच्या बागेत पडली गो. दोन तास पातेऱ्यात, वाळक्या पानांत तशीच. कोणाक पत्तो नाय.” पडल्यावर घरच्या फोनवर आपोआप कळवणारं घड्याळ त्यांना हवं होतं. “परत पडली आणि कोणाक कळलाच नाय, तर?”

म्हटलं, हे काम नीट करायचं. काळं मॅट काढून दिलं. “माप बघतंय” म्हणत तात्यांनी ते आधी स्वतःच्या मनगटाला बांधलं.

दुसऱ्या दिवशी हजर!

“काकीक आवडूक नाय. म्हणता, म्हशीच्या गळ्यातलो पट्टो कसो दिसता.”

रुपेरी चकचकीत दिलं. तेही माप बघून नेलं. चार दिवसांनी परत!

“काकी म्हणता, बांगड्याच्या पोटासारख्यां चमकता. मांजरा मागे लागतली!”

या काकींना एकदा भेटायलाच हवं, मी मनात म्हटलं. काय हे नखरे!

*

मधेच एक दशावतारी कलाकार येऊन गेले. मिशी सफाचट, कारण नाटकात राणीचं काम करतात. त्यांनी बघताक्षणी गुलाबी सोनेरी उचललं.

मी जरा चपापले. “घरच्यांसाठी का?”

“नाय, माकाच. राणीच्या हातात काळा घड्याळ दिसला की लोक आरडतत. ह्यां काकणात खपान जाता!”

*

इकडे तात्या काळं आणि रुपेरी, दोन्ही घड्याळं मागून घेऊन थेट देवळात! आमच्याकडे देवाला पाकळ्या लावून कौल घेतात. उजवी पडली तर होकार. लग्नासाठी घेतात, जमिनीसाठी घेतात. रंगासाठी कोणी घेतलेला ऐकला नव्हता.

काळ्याला विचारलं, उजवी पडली. रुपेरीला विचारलं, तीही उजवीच! तात्यांनी तिसऱ्यांदा पाकळ्या लावायला सांगितल्या, तेव्हा गुरव वैतागले.

“तात्यानू, देवाक घड्याळ चलता. रंगाचा तुमचा तुमी बघा!”

तात्या दोन्ही माझ्या काउंटरवर ठेवून गेले. घड्याळाविना आणखी आठवडा गेला. काकी बागेत जातच असणार, या विचाराने मलाच धाकधूक.

*

आणि एका सकाळी बाजाराची पिशवी घेऊन एक बाई आत आल्या. “मी तात्यांची मंडळी. घड्याळाचा माका गुरवान सांगल्यान.”

मी उठून खुर्ची दिली. “काकी, बसा. आता तब्येत कशी आहे?”

“माझ्या तब्येतीक काय धाड भरली?”

“बागेत पडलात ना?”

काकी काउंटरला धरून जे हसत सुटल्या!

“मी पडलंय? काजीर चढले कोण? हे! पडले कोण? हे! पातेऱ्यात पडान माझ्या नावान हाका मारी होते कोण?”

“आणि तो म्हशीचा पट्टा? बांगड्याचं पोट?”

“मी आजून घड्याळ बघूक पण नाय गो!”

हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले. “या वयात झाडावरसून पडलंय म्हणान सांगूक लाज वाटता तेंका. पण त्या दोन तासात सगळी बाग धुंडताना माझा काय झाला, ता माका म्हायत.”

मग त्यांनी कपाट नीट न्याहाळलं. सोनेरी सोडलं, गुलाबी सोडलं आणि वर्षभर कोणी हातही न लावलेलं एक भडक केशरी उचललं.

“ह्यां दी. पातेऱ्यात दिसाक होया.”

परवा तात्या तिठ्यावर भेटले. शर्टाची बाही नीट खाली ओढलेली, तरी केशरी डोकावत होतंच.

“तात्या, काकींचं घड्याळ तुमच्या हातात?”

त्यांनी आधी इकडे तिकडे पाहिलं.

“तिचाच आसा गो. रंग उडता काय बघतंय. नाय उडलो, तर देतलंय तिका!”