धवलेरीची गाणी आणि एक अपडेट

ही गोष्ट मी आजवर टाळत आलो. शाळेच्या आठवणी सांगायला कुणी बोलावलं की संगणकाच्या खोलीपाशी पोचण्याआधीच मी विषय बदलायचो.

सिद्धगडाखालच्या आमच्या शाळेत मी मुख्याध्यापक होतो. जवळच्या पाड्यावर लग्न लावणारी एक म्हातारी धवलेरी राहायची. ती गायल्याशिवाय त्यांच्यात लग्न लागत नसे आणि लग्नाबाहेर ती गात नसे. शाळेत संगणक आला तेव्हा तिची गाणी त्यात उतरवावीत असं माझ्या मनाने घेतलं. मी फारच मागे लागलो तशी ती हसली.

"मंग तुमच्या या पेटीचंच लगीन लावू, गुरुजी!"

तिने पडद्याच्या कडेला हळद लावली, डोळे मिटले आणि गायला लागली. धरती कशी झाली, पाणी कुठून आलं, भाताचा पहिला दाणा कुणी आणला. टाइप करताना माझी बोटं मागे पडली की ती थांबायची आणि नेमक्या त्याच शब्दापासून पुन्हा उचलायची. एवढं सगळं एका माणसात मावतं कसं, हे मला आजही कळलेलं नाही.

तिला वाचता येत नव्हतं. पडद्यावर उमटलेल्या ओळींकडे बघत तिने विचारलं, "हे माजं बोलनं? मी मेल्यावर बी ऱ्हाईल?"

"राहील," मी म्हणालो.

पुढे शाळेत इंटरनेट आलं. मराठी टायपिंगची नवी आवृत्ती हवी का, असं पडद्यावर विचारलं. नवं म्हणजे चांगलंच, म्हणून मी 'हो' दाबलं. संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा गाण्यांच्या जागी नुसते चौकोन होते. कंपनीला फोन केला, तर बराच वेळ वाद्यं ऐकवून ते म्हणाले, जुन्या फायलींची जबाबदारी आमची नाही. मुरबाडचा संगणकाचा दुकानदार वैतागला, "चाललं होतं ना सर? मग अपडेट कशाला मारलंत?" त्याने सगळंच पुसून नव्याने भरलं. चौकोनही गेले.

गाणी बघायला धवलेरी आली, तिच्यामागे पाड्यावरचे चार जण. गाणी गेली एवढंच मी सांगितलं. एक म्हातारा खिदळला, "पेटीचं लगीन लावतीस काय गो? बघ, नवरी पलाली गानी घेऊन!"

सगळे हसले. ती हसली नाही.

"माजंच चुकलं, गुरुजी. खोट्या लग्नात गायली."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी संगणक बंद केला.

त्या उन्हाळ्यात ती एकाही मांडवात गायला बसली नाही. लोकांनी शेणवे गावाकडून दुसरी धवलेरी आणली.

मी कितीदा तरी तिच्या घरी गेलो. ती घोंगडी अंथरायची, माझ्या गुडघ्यांची चौकशी करायची आणि मी परत यायचो. शेवटचा गेलो तेव्हा ती अंथरुणाला खिळली होती. तिच्या सुनेने विचारलं, "काय बोलायचंय का, गुरुजी?"

"नाही, सहज आलो होतो," म्हणालो आणि उठलो.

बोलायचं होतं ते एवढंच: बाय, बटण मी दाबलं होतं. तुझ्या गाण्यात काही खोटं नव्हतं. मला माफ कर.