पनवेलच्या गच्चीवरचं वाळवंट

अख्ख्या पनवेलमध्ये पावसाशी उभं वैर धरलेला माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या बायकोचा सख्खा मामा निघावा, हे माझं नशीब. आमच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर ते राहतात. जून लागला की लोक छत्र्या काढतात, मामा गच्चीवर निळी ताडपत्री ताणतात, तिच्याखाली टेबलफॅन लावतात आणि आभाळाकडे बघून दरडावतात, "या, किती यायचं ते या!" ताडपत्रीखाली असतो फड्या निवडुंग. हो, तोच, पंजाएवढे जाड काटेरी फड एकावर एक फुटत जाणारा. लोक मोगरा लावतात, गुलाब लावतात. आमच्या मामांनी निवडुंग लावला, तोही चार महिने बदाबदा कोसळणाऱ्या पावसाच्या गावात.

हे खूळ अमेरिकेहून आलं. मामांची एकुलती एक लेक तिकडच्या वाळवंटी मुलखात नांदते. मामा-मामी दोन महिने तिच्याकडे राहून आले. तिकडून येणारे लोक रस्ते किती गुळगुळीत ते सांगतात, मामांनी सांगितलं एका दरीबद्दल. तांबड्या खडकाची खोल दरी, वर कोरडंठक्क आभाळ आणि उतारावर नजर पोचेल तिथवर निवडुंगाची झुडपं, त्यांवर पिवळीधमक फुलं. लेक त्यांना मुद्दाम तिथे घेऊन गेली आणि म्हणाली, "बाबा, पहिल्या वर्षी मला इथे काही म्हणजे काही ओळखीचं वाटायचं नाही. मग हे दिसलं. आजोळच्या कुंपणाला असायचं ना, तेच. मी इथे येऊन बसायचे आणि पोटभर रडायचे." हे सांगताना मामा दरवेळी थांबून चष्मा पुसतात. परत आल्याबरोबर त्यांनी जाहीर केलं, की तिच्या दरीत फुलं येतील तेव्हा आपल्या गच्चीवरही आली पाहिजेत, म्हणजे बापलेकीला एकाच वेळी एकाच फुलाजवळ बसता येईल.

मामींचं माहेर माणदेशातलं. "अहो, आमच्याकडे हे उपटायला गडी लावतात!" असं म्हणत त्यांनी कपाळाला हात लावला. तरी मामा एसटीनं जाऊन पोतंभर फड घेऊन आले. परतताना ते पोतं शेजारच्या गृहस्थांच्या मांडीला टेकलं आणि ते बिचारे लोणावळ्यापासून पनवेल स्टँडपर्यंत उभ्यानं आले. मग दरी हवी. तांबडा दगड म्हटला की आपल्याकडे जांभा. मामांनी जांभ्याचे चिरे गच्चीवर चढवले आणि थरावर थर रचून कमरेएवढ्या दोन भिंती उभ्या केल्या, मध्ये वाळू ओतली आणि तिच्यात फड रोवले. सोसायटीचे सेक्रेटरी स्लॅबच्या काळजीनं तावातावानं वर आले. मामांनी त्यांना दोन भिंतींच्या मध्ये बसवलं आणि म्हणाले, "आता नुसती शांतता ऐका." सेक्रेटरी पाच मिनिटांत उठले ते पार्श्वभागी कुसं घेऊनच. निवडुंगाची ही कुसं डोळ्यांना दिसत नाहीत, पण दोन दिवस बसू देत नाहीत. त्यामुळे मामांच्या घरी चहाबरोबर बिस्किट येतं आणि बिस्किटाबरोबर चिमटा. स्लॅबचा विषय मात्र पुन्हा कुठल्या मीटिंगमध्ये निघाला नाही.

पहिल्या पावसाळ्यात सगळं कुजलं. मामा पुन्हा माणदेशात. दुसऱ्या पावसाळ्यात अर्धं कुजलं. मी म्हटलं, "मामा, सोडा ना हा नाद." तर माझ्यावरच डाफरले, "जावईबापू, अर्धं जगलं, ते दिसत नाही का तुम्हाला?" असे चार पावसाळे त्यांनी अंगावर घेतले आणि यंदाच्या चैत्रात फडांच्या कडेला सात कळ्या धरल्या. सात! मामांनी त्या इमारतीतल्या प्रत्येकाला हात धरून दाखवल्या. आणि नेमकं तेव्हाच गुडघ्याचं ऑपरेशन आलं. मामा तारीख पुढे ढकलायला निघाले होते, पण मामींनी काही चालू दिलं नाही. मुंबईला मामींच्या बहिणीकडे दीड महिना मुक्काम ठरला. जाताना मामांनी राखण माझ्यावर सोपवली. "काही म्हणजे काही करायचं नाही. पाणी तर थेंबभरसुद्धा नाही." काही न करण्यात माझा हातखंडा असल्यामुळे मी छातीठोकपणे हो म्हटलं.

आता मे महिन्यात गच्चीवर कोण जात नाही? पहिल्या मजल्यावरच्या काकू कुरडया वाळत घालायला गेल्या, त्यांना ती तापलेली वाळू बघवली नाही. तुळशीचं उरलेलं पाणी त्या रोज तिथे ओतू लागल्या. करंज्याहून मासळी घेऊन येणारी मावशी म्हणाली, "काका नाय, त बिचाऱ्यांना पानी कोन घालनार? तान लागली आसंल," आणि मासे धुतलेलं पाणी घेऊन चार मजले चढून गेली. दुसऱ्या मजल्यावरच्या चाचांनी आखातात तीस वर्षं काढलेली, त्यांना तरी वाळवंट कळायला हवं होतं. पण नाही. "भाईसाब, तिकडे प्यासा दिसला की आधी पाणी, सवाल नंतर," हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. आपण एकटेच घालतोय अशी प्रत्येकाची समजूत, म्हणून सगळा मामला गुपचूप. आणि मी? एका दुपारी मीसुद्धा एक तांब्या घातला. खरं सांगायचं तर दोन.

मामा परतले ते काठी टेकत थेट गच्चीवर. मागून आम्ही सगळे चोरासारखे. निवडुंग पिवळा पडून, पाण्यानं फुगून मधोमध बसला होता आणि सातही कळ्या चिखलात. मामा एका चिऱ्यावर मटकन बसले. मग एकेकानं कबुली दिली. काकू म्हणाल्या, "मी फक्त तांब्याभर हो." मावशी पदरानं डोळे टिपत म्हणाली, "कळ्या बगून मना ऱ्हावलाच नाय." माझी पाळी आली तेव्हा मी नुसती दोन बोटं वर केली. आता मामा फाडून खाणार, असं वाटलं. पण ते त्या चिखलाकडे बघत म्हणाले, "तिकडे त्या दरीत हा मैलच्या मैल उभा आहे. त्याला आजवर कुणी पाणी विचारलं नसेल हो." मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मामी मात्र त्यांच्याच काठीनं तो चिखल उकरत होत्या. "मरतोय कशाला! माझे वडील ह्याला जाळायचे, तरी बांधावर हजर," असं पुटपुटत त्यांनी भिंतीच्या पलीकडे कोरड्यात गळून पडलेला एक फड शोधून काढला. हिरवागार, टणक. मामांनी तो रुमालात धरून चहूबाजूंनी तपासला, जखम सुकायला सावलीतल्या चिऱ्यावर ठेवला आणि नाक ओढून म्हणाले, "फुलायला तीन वर्षं. कामाला लागू या."

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल आला. आपल्याकडे संध्याकाळ, तिकडे सकाळ झाली होती. ती दरीत उभी होती आणि तिच्यामागे सगळा उतार पिवळा झाला होता. "बाबा, माझी आली! तुमची?" मामांनी काही लपवलं नाही. फोन वळवून तो एवढासा फड तिला दाखवला. तिनं फोन डोळ्यांशी नेऊन तो निरखला. मग मामाच म्हणाले, "तू बस फुलांपाशी. मी येतोच मागून."

मामा शहात्तर वर्षांचे आहेत. मी मनात तीन मिळवायला गेलो, पण ती बेरीज काही मला करवली नाही.