विजूचं गरम दप्तर

बातमी विजूनं आणली. तळेगावच्या कारखान्यातून तो संध्याकाळी घरी आला, सायकल भिंतीला टेकवली आणि चपला न काढताच म्हणाला, "आई, कुसुममावशी गेली." मी तांदूळ निवडत होते, ते निवडतच राहिले. त्याला वाटलं असेल, आईला धक्का बसला. धक्का वगैरे काही नव्हता... मला राग आला होता. दोन महिन्यांपूर्वी तिनं मला बोलावून घेऊन जे सांगितलं, त्यावर माझं उत्तर द्यायचं राहिलं होतं, आणि ही बाई ते ऐकून न घेताच निघून गेली. तिचा स्वभावच तसा. स्वतःचं बोलून झालं की पदर खोचून उठायची.

या गोष्टीलाही आता महिना-दीड महिना झाला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची रीत आहे, आणि कुसुमबद्दल चांगलं बोलण्यासारखं पुष्कळ आहे. ते सगळं मी लिहीन. पण तिनं मला फसवलं, तेही लिहीन, कारण ते वगळून जी बाई उरते तिला मी ओळखत नाही.

आम्ही चिंचवड स्टेशनमागच्या चाळीत राहायला आलो तेव्हा आजूबाजूला अजून ज्वारीची शेतं होती. नवे कारखाने उभे राहत होते, आणि एका कारखान्याची भिंत संपली की लगेच कुणाचा तरी हरभरा सुरू व्हायचा. आमचे हे एका इंजिनिअरिंग कंपनीत लेथवर होते. शेजारच्या खोलीतला दत्तोबा, म्हणजे कुसुमचा नवरा, त्याच खात्यात. मी एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले होते, आणि माझी पाळी सकाळी सातची. शैला मोठी, ती दुपारच्या शाळेत जायची. प्रश्न होता विजूचा. तो चार वर्षांचा. ह्यांच्या कंपनीच्या आवारात, फाटकातून आत गेलं की कँटीनच्या अलीकडे, एका पत्र्याच्या शेडमध्ये साहेब लोकांच्या बायकांनी बालवाडी काढली होती. तिथं त्याला पोचवायचं कुणी? मी हे नुसतं बोलून दाखवलं, तर कुसुम भांडी घासता घासता म्हणाली, "माझी नंदी जातीच हाय. तिच्यासंगं तुझाबी नेते." नंदी म्हणजे तिची मुलगी नंदा. झालं. पुढं चाळीतली आणखी चार-पाच पोरं तिच्या मागं लागली, आणि कुसुमची पलटण तयार झाली.

ती मूळची मावळातली. थंडीशी कसं वागायचं हे तिला पक्कं ठाऊक होतं. पवनेच्या पात्रावरून धुकं यायचं ते चाळीच्या दारापर्यंत. पोरांनी एकमेकांच्या स्वेटरची टोकं धरायची, कानटोप्या हनुवटीखाली बांधायच्या, आणि कुसुम सगळ्यांच्या मागून चालायची. पुढं कधीच नाही. आणि निघायच्या आधी प्रत्येकाच्या खिशात एकेक रताळं. पाणी तापवायच्या बंबाच्या राखेत ती पहाटे रताळी पुरून ठेवायची, चिंधीत गुंडाळून पोरांच्या खिशात घालायची. खिशात हात, हातात गरम रताळं. ते खायचं मात्र बालवाडीच्या पायरीवर बसून. वाटेत कुणी चावा घेतला तर ती म्हणायची, "खा बाबा, मग हात गारठलं की माझ्याकडं रडत यिऊ नको." एकदा विजू बांधावरून घसरून पाटाच्या पाण्यात पडला. तिनं त्याचे ओले कपडे तिथंच उतरवले, त्याला उघड्यानं आपल्या लुगड्याच्या आत पोटाशी धरला आणि बाकीची पलटण घेऊन तशीच परत आली. संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा तो तिच्या चुलीपुढं बसून भात खात होता. मी तिचे पाय धरायच्या बेताला आले होते. तिच्यावर माझा इतका विश्वास होता, हे आधी सांगायला हवं.

दुसऱ्या हिवाळ्यात ह्यांच्या कंपनीत संप झाला. फाटकासमोर संपवाल्यांचा मांडव उभा राहिला, शेकोट्या पेटल्या, आणि आमचे हे तिथं सगळ्यांत पुढं. घर माझ्या पगारावर चालू झालं. कंपनीनं काही माणसं आतच ठेवून घेतली होती. तिथंच काम, तिथंच झोप. कँटीनची माणसंही संपात, त्यामुळे आतल्यांच्या जेवणाचे हाल होते. आत काही जाऊ द्यायचं नाही, असं मांडवात ठरलं होतं. कुणी म्हणालं, मग बालवाडीही बंद करा. तेव्हा हे उभे राहिले. "संप आपला आहे, पोरांचा नाही. पोरं जातील," असं ते सभेत म्हणाले, आणि ते सगळ्यांनी ऐकलं. बायांच्या हातातल्या पिशव्या उघडून बघत, पण कुसुमची पलटण आली की मांडव बाजूला सरायचा. दत्तोबा तेव्हा नव्हता. त्याची आई आजारी म्हणून तो गावाला गेलाय, असं कुसुमनं चाळीत सांगितलं होतं. मी तिला रोज विचारायचे, म्हातारी कशी आहे? ती म्हणायची, हाय तशीच.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी विजूचं दप्तर धुवायला काढलं. ह्यांच्या जुन्या खाकी पँटीचं मीच शिवलेलं, पाटी मावेल एवढं. तळाला तेलाचा मोठा डाग, आणि लसणाच्या चटणीचा वास. काय सांडलंस रे, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, ते माझं नाही, दत्ताकाकांचं आहे, काका आत असतात. मग खुशीत येऊन म्हणाला, "आई, दप्तर पाठीला मस्त गरम लागतं." आणि एकदम तोंडावर हात ठेवला. "बाबांना सांगायचं नाही. मावशी म्हणालीय."

मी ते ओलं दप्तर हातात घेऊन तशीच मोरीत बसून राहिले. दत्तोबा गावाला नव्हताच, तो आत काम करत होता. त्याचा डबा माझ्या पोराच्या पाठीवरून जात होता, आणि तोही माझ्या नवऱ्यानं शब्द टाकून मोकळ्या करून घेतलेल्या वाटेनं. एखाद्यानं ते दप्तर मांडवात उघडलं असतं तर? संपात पुढं असलेला माणूस, आणि त्याच्याच पोराकडून फितुराला जेवण... ह्यांचं नाव मातीत गेलं असतं. माणसांनी अंगावर हात टाकायला कमी केलं नसतं.

मी शेजारी गेले तेव्हा कुसुम भाकऱ्या थापत होती. चाळीच्या भिंती पातळ, म्हणून मी ओरडले नाही. एवढंच विचारलं, की ठेवायचाच होता तर तुझ्या नंदाच्या दप्तरात का नाही ठेवलास?

"नंदीचं दप्तर कुनीबी उघडून बघल गं," ती म्हणाली. "तुझ्या विजूचं कोन बघणार? त्याचा बाप तिथंच बसल्याला असतो."

हे तिनं अगदी सरळ सांगितलं, भाकरी न मोडता कशी उलटायची ते सांगावं तसं. मग तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "त्यो आत उपाशी हाय, मंदा. मी काय करू?" मी म्हटलं, मला सांगायचं होतंस. तिनं माझ्याकडं बघितलं. "सांगितलं असतं तर नेऊ दिलं असतंस?" मी उठून आले. त्यानंतर तिच्या खोलीचा उंबरा मी ओलांडला नाही.

ह्यांना मी काही सांगितलं नाही. एवढा मोठा संप उरावर, त्यात शेजाऱ्यानं असा गळा कापलेला कळला तर माणूस खचेल, असं मला वाटलं. विजूला खोकला झालाय म्हणून मी त्याला घरी ठेवला, शैला त्याला दुपारपर्यंत सांभाळायची. हे एकदा म्हणाले, उद्याही नाही का जायचा तो? मी म्हटलं, खोकला आहे ना. त्यांनी खुंटीवरच्या दप्तराकडं बघितलं आणि मांडवाकडं निघाले. संप मोडला. बहुतेकांना परत घेतलं, पुढं असलेल्यांना नाही. आमचे हे त्यात. दत्तोबा आतून बाहेर आला तो सगळ्यांसमक्षच, त्यामुळे तो कुठं होता ते चाळीला कळलं. दप्तराचं मात्र माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, असं मी धरून चालले होते. वर्षभरात तो सुपरवायझर झाला आणि ते तळेगावला स्वतःच्या जागेत राहायला गेले. जाताना कुसुम आमच्या दाराशी उभी राहिली होती. मी आतून बाहेर आले नाही.

हे मग पिंपरीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये लागले. विजूला नवं दप्तर आलं, आणि जुनं खाकी दप्तर ह्यांनी हत्यारं ठेवायला घेतलं. मी म्हटलं, टाकून द्या ते. म्हणाले, चांगलं आहे की. रात्री जेवताना कधी कुसुमचा विषय निघाला की माझा पट्टा सुरू व्हायचा. दप्तराचं तेवढं सोडून तोंडाला येईल ते बोलायचे. हे खाली मान घालून जेवायचे आणि म्हणायचे, जाऊ दे गं. मला वाटायचं, केवढं मोठं मन या माणसाचं! नोकरी गेली तरी मनात काही नाही. तीन-चार वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हा कुसुम आली होती. बायांच्या घोळक्यात मागं बसून रडून गेली. मी तिच्याकडं बघितलं नाही.

आणि मग ती जायच्या दोन महिने आधी तिचा निरोप. आजारी आहे, येऊन जा. मी गेले ते हट्टानं गेले. तिनं एकदा तरी "चुकलं" म्हणावं, एवढंच मला हवं होतं. खाटेवर ती इतकीशी झाली होती, अंगात नंदाचा जुना स्वेटर. दत्तोबा मला बघून चहा टाकायला आत गेला तो बाहेर आलाच नाही. अजून रागावली हायस का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

"राग धर माझ्यावर," ती म्हणाली, "पर भाऊजींना ठावं व्हतं."

मग धाप लागत लागत तिनं सांगितलं. तिसऱ्या-चौथ्याच दिवशी ह्यांनी मांडवात विजूला कौतुकानं उचललं आणि दप्तराखाली हात गेला. गरम लागलं. त्यांनी तिच्याकडं बघितलं, ती जागच्या जागी थिजली. ह्यांनी पोराला खाली ठेवलं नाही, तसंच कडेवर घेऊन फाटकातून आत सोडून आले. दुसऱ्या दिवशीपासून रोज मांडवापासून फाटकापर्यंत विजूला तेच उचलून नेऊ लागले, एक हात दप्तराखाली, म्हणजे दुसऱ्या कुणाचा हात लागू नये. "मला येवडंच म्हणाले," कुसुम म्हणाली, "वहिनी, मंदाला कळू देऊ नका."

ती मेली नसती तर मी परत जाऊन तिला सांगणार होते की तू खोटं बोलतेस, जाता जाता स्वतःला सोडवून घेतेस. पण ते खोटं नाही. ते दिवस मला आठवतात. मी पाळीवरून आले की हे सांगायचे, विजू चालून दमतो गं, फाटकापर्यंत मीच उचलून नेतो आता. मला कोण आनंद व्हायचा! एवढ्या धामधुमीत बापाला पोराचं सुचतंय म्हणून मी शेजारणींना सांगत होते. मोठं मन वगैरे काही नव्हतं. माणूस सामील होता. मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून, एकाच खोलीत, एकाच खुंटीवरच्या दप्तराकडं बघत.

भुकेल्या माणसाला चार घास गेले, याचा मला आज राग नाही. खरंच नाही. ह्यांनी मला विचारलं असतं तर मी कदाचित हो म्हटलं असतं, कदाचित वर चटणीही जास्त बांधली असती. पण मला कुणी विचारलंच नाही. माझ्या घरातून जाणारी गोष्ट माझ्या नवऱ्याला ठाऊक, शेजारणीला ठाऊक, पाच वर्षांच्या पोरालासुद्धा ठाऊक... आणि मी इतकी वर्षं नवऱ्याच्या वतीनं तिच्याशी वैर धरून बसले. मैत्रीण गेली ती गेली, आणि ज्याच्यासाठी गेली त्याला आता विचारायची सोय नाही. दोघांनी मिळून मला एकटी पाडलं. विजूला परवा विचारलं, तुला काय आठवतं रे? तो म्हणाला, रताळं.

ते खाकी दप्तर अजून खुंटीला आहे, ह्यांचे पाने आणि पक्कड त्यात तशीच. चटणीचा डाग कुठला आणि ग्रीसचा कुठला, आता ओळखू येत नाही. शैला हल्ली माझ्याच जवळ राहते, सकाळी कामावर जाते, आणि तिच्या मीनूला बालवाडीत मी पोचवते. रस्ता डांबरी झालाय, शेतं गेली, धुकं मात्र येतं. कुसुमशी बोलणं तोडलं तेव्हा तिचं सगळं सोडायचं ठरवलं होतं, पण बंबाच्या राखेत रताळं पुरायचं काही सुटलं नाही. शैलाला ते आवडत नाही, फ्रॉकला डाग पडतात म्हणून चिडते. परवा सकाळी फार गारठा होता. मी चिंधीत गुंडाळलेलं रताळं मीनूच्या खिशात सरकवलं, तिनं मूठ आवळली आणि हसली. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, "आईला सांगायचं..."

आणि पुढचा शब्द ओठांवरच थांबला. मीनू माझ्याकडं बघत राहिली.

"आईला सांग," मी म्हणाले. "आजीनं रताळं दिलं म्हणून सांग. विसरू नको हं."

तिनं मान हलवली आणि खिशात हात घालून चालायला लागली. मी तिच्या मागून.