पर्समधलं चुंबक

हे मी ह्यांनाही सांगितलेलं नाही. ह्यांना म्हणजे माझ्या नवऱ्याला. एरवी त्यांना मी शेजारणीच्या कुकरच्या शिट्ट्यासुद्धा मोजून सांगते. बहिणीला सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा विषय साड्यांवर गेला. गेला कसला, मीच नेला. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापुढे जीभ जरा सैल सुटतेय.

सुरुवात टीव्हीपासून झाली असं म्हणू का? पण टीव्हीने काय माझा हात धरला होता? असो. कुंभमेळ्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. आम्ही पंचवटीत दोन खोल्यांत भाड्याने राहायचो. दुपारी केबलवर एक परदेशी कार्यक्रम लागायचा, घर शोधण्याचा. एक नवरा, एक बायको आणि उंच टाचांची एक एजंटबाई. तीन घरं बघायची. बायकोने म्हणायचं कपाट लहान आहे, नवऱ्याने म्हणायचं अंगण छान आहे, आणि अर्ध्या तासात घर पसंत! सोबत सासरे नाहीत, नळाला पाणी किती वाजता येतं हे विचारणं नाही. आणि प्रत्येक घरात ते — ओपन किचन. ओटा आणि हॉल यांच्यामध्ये भिंतच नाही. बाई भाजी चिरता चिरता सोफ्यावरच्या पाहुण्यांशी हसतेय. मी बारा वर्षं भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटल्या होत्या. मला ते हवं होतं, इतकं की माझी मलाच लाज वाटायची.

आम्ही तीन नाही, सव्वीस घरं पाहिली. आमचा एजंट लूनावर यायचा, तोंडात गुटखा, त्यामुळे आभाळाकडे बघूनच बोलायचा. प्रत्येक घर स्टँडपासून दहा मिनिटांवर, मग ते पाथर्डी फाट्याच्या पलीकडे का असेना. एका घरात माणसं जेवायला बसली होती. आम्ही ताटांच्या कडेकडेने बेडरूम पाहून आलो आणि निघताना त्या बाईंनी आम्हाला बळेच भजी खायला लावली. दुसऱ्या ठिकाणी मालकांनी दार उघडण्याआधी आमचं आडनाव, गाव आणि मामाचं गाव विचारून घेतलं. आमच्या ह्यांनी गळ्यात होकायंत्र अडकवलेलं असायचं. कंपनीतल्या कुणीतरी वास्तुशास्त्राचं पुस्तक दिलं होतं, तेव्हापासून दक्षिणेचं दार दिसलं की हे चप्पल न काढताच मागे फिरायचे.

आणि आप्पा — माझे सासरे. मखमलाबादला त्यांची फुलशेती होती, मोगरा, शेवंती, झेंडू. ती विकूनच हे घर व्हायचं होतं. पण त्यांनी एकदाही तसं बोलून दाखवलं नाही. घर बघायला यायचे आणि बाहेरच उभे राहायचे.

सव्विसावं घर आडगावच्या बाजूचं रो-हाउस. समोर चार पावलं काळी माती. आप्पा तिथे उकिडवे बसले, मूठभर माती घेतली, हुंगली आणि म्हणाले, "सूनबाई, इथं मोगरा लय धरंल." सव्वीस घरांत त्यांनी केलेली ती पहिली मागणी. तिला मागणी तरी म्हणावं का? मी आत गेले तर स्वयंपाकघर म्हणजे कोनाडा, ओट्यासमोर पुन्हा भिंत. आणि आदल्याच आठवड्यात गंगापूर रोडला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघितलेला, ओपन किचनचा!

होकायंत्र त्या दिवशी नेमकं घरी राहिलं होतं. हे म्हणाले, रविवारी दिशा बघू आणि बोलून टाकू. दार पूर्वेचं होतं, ते मला उन्हावरून कळलंच होतं; म्हणजे घर झालंच. माझ्या हातात चार दिवस होते.

मी बिघडलेल्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर फोडून चुंबक काढलं. पर्समध्ये ठेवलं. पर्स कुठे धरली की काटा कुठे फिरतो, याचा सराव केला — तीन दुपारी, चण्याची डाळ भिजत घातलेली असताना. दहावीला विज्ञानात मी इतका अभ्यास केला असता तर आज कुठल्या कुठे असते.

रविवारी आभाळ भरलेलं होतं, सूर्य कुठे आहे ते कळायला मार्ग नव्हता. नशीबसुद्धा माझ्याच बाजूने. "द्या, मी धरते, तुम्ही नीट वाचा," म्हटलं. काटा फिरला. ह्यांचा चेहरा उतरला. दोनदा वाचलं. दोन्ही वेळा दक्षिण. आप्पांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दिशाच वंगाळ, तर ऱ्हाऊ दे," म्हणाले, आणि नळावर जाऊन हाताची माती धुतली.

फ्लॅट झाला. पहिल्याच आठवड्यात मी मिरच्यांचा ठेचा केला आणि हॉलमध्ये बसलेले मामेसासरे खोकत खोकत गॅलरीत पळाले. मला पाहुणे दिसावेत अशी माझी हौस, पण पाहुण्यांना माझी खरकटी भांडी दिसत होती. तीन महिन्यांत मी पडदा लावला. हसा, मीही हसते.

पण गॅलरी उत्तरेची होती, उन्हाचा पत्ता नाही. आप्पांनी रंगाच्या डब्यांत मोगरा लावला, तो नुसता पानांनी वाढला. मग ते एकेक डबा उचलून गच्चीवर नेऊ लागले. गच्ची गळते म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींनी हरकत घेतली. डबे खाली आले आणि हळूहळू वॉचमनकडे गेले. आप्पा टीव्ही बघू लागले.

इथपर्यंतचं मी कदाचित सांगूनही टाकलं असतं. चुंबकाचं ऐकून लोक हसले असते. लपवलं ते पुढचं.

सहा वर्षांनी आप्पा आजारी होते. सकाळी मी औषध द्यायला गेले. त्यांनी गोळी घेतली, आणि अगदी सहज म्हणाले, "आडगावचं दार पूर्वेला व्हतं, सूनबाई. मातीत उभं ऱ्हाऊन मला दिशा कळाया काटा लागतो व्हय? मी म्हणलं, पोरीला तिकडं जायचंय, तर जाऊ दे. तवा बोललो असतो तर तू तोंडघशी पडली असतीस." आवाजात राग नव्हता. सहा वर्षं त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, आणि आता फक्त मन मोकळं करत होते. मला एवढंच म्हणायचं होतं — हो आप्पा.

मी म्हणाले, "नाही हो आप्पा. दक्षिणच होती. ह्यांनी दोनदा बघितली ना?"

का म्हणाले? माहीत नाही. तोंडातून निघून गेलं, आणि मग मी ते परत घेतलं नाही. त्यांनी पाण्याचा पेला माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "आसंल. माझंच चुकलं आसंल."

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी ह्यांना विचारलं, "आरं, सूर्य आपल्याकडं कोणत्या अंगाला बुडतो?" साठ वर्षं उन्हावर फुलं काढलेला माणूस. ह्यांना वाटलं, वय झालं. मी चहा गाळत होते, सगळं ऐकत होते. तेव्हाही मी फक्त चहाचे कप नेऊन दोघांपुढे ठेवले. त्यानंतर पुरते दोन महिने आप्पा होते.