गुरुवारी मुरुडला कोण गेलं होतं?

भुतंखेतं, आत्मे, अंगात येणं... या सगळ्याची मला मनापासून चीड आहे. नांदेडच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी बावीस वर्षं कागद तपासते. तारीख, सही, शिक्का जुळले तर खरं, नाही तर फाईल परत. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते आहे. पण घरात कुणी धड ऐकून घेत नाही, म्हणून इथे लिहिते.

माझी सुलभाआत्या लातूर जिल्ह्यात सरकारी नर्स होती. मुरुड, निलंगा, अहमदपूर... बदली होईल तिथे गेली. लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर नांदेडला आमच्या शेजारच्या गल्लीत खोली घेतली, पण ती खोलीत असायची कधी? गळ्यात दुर्बीण, खांद्याला खाकी पिशवी, की निघाली. भरतपूर, कच्छ, चिल्का, ससाणे बघायला थेट नागालँड. एकदा तर केनियाला जाऊन आली. परत आल्यावर मला काय सांगितलं? "अगं, तिथल्या सुगरणी पण आपल्यासारखीच घरटी विणतात!" सिंह दिसला का विचारलं, तर म्हणे, "होता एक. झोपला होता."

माझ्या लग्नात ही बाई अक्षता पडल्यावर अर्ध्या तासाने उगवली. चपला चिखलाने भरलेल्या. का, तर विष्णुपुरी धरणाच्या पाण्यावर पट्टकदंब पक्षी उतरले होते! "हिमालय ओलांडून आलेत गं ते, त्यांना कसं थांबवणार?" आणि माझा मुहूर्त थांबणार होता का?

लोकांच्या अडचणीला मात्र तिला कधी उशीर झाला नाही. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात ती तिथल्या एका गल्लीत दोन महिने जाऊन राहिली. टँकरपाशी रांग लावायची, म्हाताऱ्यांच्या घागरी आधी भरायला लावायची. वर प्रत्येक घराकडून एक वाटी पाणी पाखरांसाठी — सक्तीने. बायका चिडायच्या, तिच्या नावाने बोटं मोडायच्या, आणि वाटी भरून भिंतीवर ठेवायच्या.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडाशी तिला न्यूमोनिया झाला. रविवारी ॲडमिट केलं ते सरळ आयसीयूत. तोंडावर मास्क, बोलणं बंद. तिचा फोन, दुर्बीण, खाकी पिशवी — सगळं मी घरी आणून माझ्या कपाटात ठेवलं. बुधवारी सकाळी सव्वादहाला ती गेली. मी शेजारी होते, तिचा हात माझ्या हातात होता. संध्याकाळी गोदावरीकाठी अंत्यसंस्कार झाले. यात कुठेही शंकेला जागा नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा.

दहाएक दिवसांनी तिच्या महिला मंडळाने ठरवलं, स्मरणिका काढायची. आणि काम कुणाच्या गळ्यात? माझ्या! अध्यक्षबाईंचा रोज सकाळी फोन. "वैशालीताई, मुरुडच्या आठवणी आल्या का? फोनवर नको हं, प्रत्यक्ष जाऊन घ्या." शेवटी रजा टाकली. नांदेडहून अहमदपूरमार्गे लातूर, तिथून दुसरी एसटी धरून मुरुड. ऊन असं, की खिडकीचा गज हाताला चटका देत होता. आत्याने अशा प्रवासात आयुष्य काढलं आणि वर म्हणायची, मजा येते!

मुरुडला शहनाजचाचींचं शिलाईचं दुकान आहे, मागेच घर. त्यांची तिन्ही बाळंतपणं आत्याने केलेली. तीस वर्षांची ओळख. मला बघून त्यांनी मशीन थांबवलं.

"ये माय, ये. येकटीच आलीस? बाई न्हाई आल्या?"

म्हणजे यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळवायच्या लोकांची यादी माझ्या भावाकडे होती... जाऊ द्या. मी हळूच म्हटलं, "चाची, आत्या गेली. दोन आठवडे होत आले. बुधवारी सकाळी."

त्या चक्क चिडल्या. "काय बोलायलीस? कोन्त्या बुधवारी? त्याच्या दुसऱ्या दिवशी, जुमेरातला, तर बाई हितं आल्त्या!"

"आधीच्या गुरुवारी आली असेल, चाची."

"आगं, नसरीनला दवाखान्यात नेलं त्या जुमेरातला! मला येड्यात काढू नको."

नसरीन त्यांची सून. आठवा महिना चालू होता. डोकं दुखत होतं, पाय सुजले होते. घरच्यांना वाटलं, उन्हाचा त्रास. त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमाराला आत्या दारात उभी. खांद्याला खाकी पिशवी, गळ्यात दुर्बीण. चहा नको म्हणाली, बसलीही नाही. पाणी मागितलं, अर्धं प्यायली आणि उरलेलं दाराबाहेरच्या वाडग्यात ओतलं. मग आत जाऊन नसरीनच्या पायावर अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला.

"डोळ्यांपुढं काजवे चमकतात का गं?"

नसरीन हो म्हणाली. तशी आत्या कडाडली, "आत्ताच्या आत्ता लातूरला न्या. जेवणबिवण नंतर!"

जीप ठरवून नेलं. डॉक्टर म्हणाले, बीपी भयंकर वाढलंय, आणखी दोन तास काढले असते तर आई आणि बाळ दोघंही हाती लागले नसते. लगेच सिझेरियन केलं. मुलगी झाली. मायलेकी आदल्या दिवशीच घरी आल्या होत्या.

मी वाद घातला. खूप घातला. दुसरी कुणी नर्स असेल म्हटलं, तर चाची म्हणाल्या, "तीस वर्सं वळखते मी बाईला." फोनवर सांगितलं असेल म्हटलं... पण फोन माझ्या कपाटात होता, बंद. शेवटी मी दवाखान्याचा कागद मागितला. ॲडमिट केल्याची तारीख आत्या गेली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. वेळ दुपारी एक. खाली डॉक्टरांची सही, शिक्का. फाईल परत करायला जागाच नव्हती.

तेवढ्यात आतून नसरीनचा आवाज आला. "ताई, हिकडं या. हे बगा."

तिच्या खोलीतल्या पंख्याच्या वाटीत चिमण्यांनी घरटं केलं होतं. आणि खाली, पंख्याच्या बटणावर, जखमेला लावतात ती पांढरी चिकटपट्टी आडवी लावलेली. तिच्यावर निळ्या पेनाने लिहिलं होतं — पंखा लावू नये. पिल्लं आहेत.

"जाताना बाईंनीच लावली," नसरीन म्हणाली. "मला म्हनल्या, तू तर दवाखान्यात जाशील, मागं कुनी बटण दाबलं तर?"

मी वाकून बघितलं. तो 'ल'... शेपूट लांब ओढलेला. जिथे जाईल तिथून ती मला पोस्टकार्ड टाकायची. डबाभर पोस्टकार्डांवर मी तो 'ल' वाचला आहे. जुनी पट्टी म्हणावी, तर बटणांचा बोर्डच नवा — महिन्यापूर्वी खोलीला रंग दिला तेव्हा बसवलेला. आणि दिवाळीनंतर आत्या मुरुडला फिरकली नव्हती.

मला भीती नाही वाटली. मी नसरीनच्या खाटेवर बसले. वर पिल्लं किलबिलाट करत होती, घामाच्या धारा लागल्या होत्या, आणि त्या घरात कुणी पंखा लावत नव्हतं. नसरीन बाळाला पुठ्ठ्याने वारा घालत होती. मी तिच्या हातातून पुठ्ठा घेतला आणि कितीतरी वेळ नुसता वारा घालत राहिले.

निघताना चाची स्टँडपर्यंत आल्या. वाटभर रडत होत्या. गाडी लागल्यावर म्हणाल्या, "थांबा म्हनलं तर आयकलंच न्हाई बाईंनी. म्हनल्या, अजून दोन-तीन ठिकानी जायचंय."

घरी आल्यावर भावाला पट्टीचा फोटो दाखवला. तो म्हणे, अक्षर सारखं असू शकतं. अध्यक्षबाईंना सांगितलं, तर त्या आनंदाने ओरडल्या, "पहिल्या पानावर घेऊ!" मी साफ नकार दिला. स्मरणिकेत फक्त एवढं छापलं, की मुरुडच्या एका कुटुंबाला त्यांची अखेरपर्यंत मदत झाली. 'अखेरपर्यंत' हा शब्द मी चारदा खोडला आणि चारदा लिहिला.

या गोष्टीला माझ्याकडे आजही काही स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर सांगा, मात्र तारखा जुळवून सांगा.

ती दोन-तीन ठिकाणं कोणती, हे मी शोधते आहे. निलंग्याला तिच्या जुन्या ओळखीच्यांना फोन केले, अहमदपूरला केले. कुणी काही सांगत नाही. आणि मी? मी तो गुरुवार अख्खा घरात होते. भेटायला येणारे येत होते, म्हणून दारसुद्धा दिवसभर उघडंच होतं.