ॲपला दिसलेला पाडा

आमच्या पाड्यावरच्या सामूहिक सोलारची देखभाल माझ्याकडे आहे. देणगी देणाऱ्या संस्थेची माणसं जव्हारहून आली, तेव्हा मी सांगितलं, बॅटऱ्या आता दम धरत नाहीत, नव्या द्या. ते म्हणाले, आधी ॲप बसवू. कोणत्या घराला किती वीज लागते ते कळलं, की बॅटऱ्यांचं बघू. ॲपला निधी मिळाला. घरोघरी मीटर लागले, माझ्या फोनवर ॲप आलं.

दिवाळी झाली, भात झोडून झालं आणि दरवर्षीसारखा पाडा घरांना कुलपं लावून भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेला. जाताना प्रत्येकानं आपल्या मीटरचं बटण बंद केलं. मागे राहिलो आम्ही म्हातारी माणसं आणि शेळ्या.

संक्रांतीनंतर संस्थेचा फोन आला. "मावशी, तुमच्याकडे विजेला मागणीच नाही. बॅटऱ्या मंजूर होणार नाहीत."

"अहो, माणसं भट्टीवर आहेत. पावसाआधी येतील."

"ॲपमध्ये तसं दिसत नाही."

आता मी कुठं डोकं आपटू?

पावसाआधी माणसं आली. संध्याकाळी सगळ्यांनी दिवे लावले. जुन्या बॅटऱ्यांवर ते जेवणं होईपर्यंतही टिकले नाहीत. अंधारात माझा फोन तेवढा उजळला. ॲपनं कळवलं होतं: मागणी वाढली आहे.